राणी कोण होणार?

गांधीलमाश्यांच्या पोळ्यावरची राणी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली, की पहिली काही मिनिटं पोळ्यावर फारसं काही घडत नाही. कुणी अळ्यांना भरवत असते, कुणी पोळ्याच्या कडेला लगदा लावत असते, काही नुसत्याच बसलेल्या असतात. मग कामकरी माश्यांपैकी एकीचा नूर बदलतो. ती शेजारणीवर धावून जाते, तिला चावते, ढकलते, अंगावर चढून दाबून धरते. सकाळपर्यंत ही चारचौघींसारखीच होती. तासाभराच्या आत तिच्याइतकी आक्रमक माशी त्या पोळ्यावर दुसरी उरत नाही. राणी परत आणून ठेवली तर ती निमूटपणे पुन्हा कामाला लागते. राणी परत आलीच नाही, तर आठवड्याभरात ती स्वतः अंडी घालू लागते, आणि एकदा राणी झाली की तिचा आक्रमकपणा ओसरतो. विशेष म्हणजे या साऱ्या काळात बाकीच्या माश्यांपैकी एकही तिला आडवी जात नाही.

या माशीचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. अंग तांबूस तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा. खिडकीच्या वरच्या चौकटीला, जिन्याखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला तिची राखाडी कागदासारखी पोळी लटकलेली असतात. द्वीपकल्पीय भारतात ती सगळीकडे आढळते, म्हणजे महाराष्ट्रातही. आपण ती दिसली की काठीला फडकं बांधतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मात्र संशोधक विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्या तिच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. प्रजनन कुणी करायचं आणि कुणी आयुष्यभर दुसऱ्याची पिल्लं वाढवायची, हे निसर्गात ठरतं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. उत्क्रांतिशास्त्रात याहून जुने आणि याहून खोल प्रश्न थोडेच आहेत.

डार्विनची अडचण

१८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहिताना डार्विनला या प्रश्नाची बोच होती. नैसर्गिक निवडीचा हिशेब संततीवर चालतो. जो जास्त पिल्लं मागे ठेवतो, त्याचे गुण पुढच्या पिढीत पसरतात. मग मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांमध्ये अंडीच न घालणाऱ्या कामकरी माद्या टिकल्या कशा? त्यांचा सेवाभाव पुढच्या पिढीत पोचला कुणामार्फत?

उत्तराची चौकट १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांनी दिली. जनुकं केवळ स्वतःच्या अपत्यांतून पुढे जात नाहीत, ती नातलगांच्या अपत्यांतूनही जातात. त्यामुळे मदतीची किंमत, मदतीचा फायदा आणि नात्याची जवळीक अशा तीन गोष्टी मांडल्या, तर परोपकाराचाही हिशेब जमतो. माश्या-मुंग्यांमध्ये त्यात आणखी एक खुबी आहे. त्यांच्यात नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तो सगळ्या मुलींना जसाच्या तसा मिळतो. परिणामी एकाच आईबापाच्या बहिणींमधलं जनुकीय साम्य तीन चतुर्थांश भरतं, तर आई आणि मुलीतलं निम्मंच. स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा बहीण वाढवणं जनुकांच्या दृष्टीने किफायतीचं, असा त्याचा अर्थ. मांडणी इतकी देखणी होती की पुष्कळांना कोडं सुटल्यासारखंच वाटलं.

देखणी मांडणी खरीही आहे का, हे प्रत्यक्ष पोळ्यावर तपासायला मात्र कुणीतरी बसावं लागतं.

खिडकीतली माशी आणि विज्ञान संस्था

राघवेंद्र गदगकर बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते, तेव्हा विभागाच्या खिडक्यांवरच या माश्यांची पोळी होती. पीएच.डी.साठी ते विज्ञान संस्थेत गेले ते रेणवीय जीवशास्त्रात. तिथे जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंवर त्यांचं काम चाले आणि माश्या बघण्याचा नाद फावल्या वेळात. १९७९ मध्ये पीएच.डी. झाली. त्या काळात ज्या शाखेत प्रतिष्ठा होती, नोकऱ्या होत्या, ती शाखा त्यांनी सोडली आणि नादालाच काम केलं. त्यांना पाठबळ देणाऱ्यांत पुण्याचे माधव गाडगीळ होते. गाडगिळांनी १९८३ साली विज्ञान संस्थेत परिसर विज्ञान केंद्र उभं केलं आणि गदगकरांच्या माश्यांना तिथे हक्काची जागा मिळाली.

या माशीची निवड अभ्यासाच्या दृष्टीने अचूक होती. मधमाशीची राणी दिसायलाच वेगळी असते, ती अळी असतानाच तिचं नशीब जवळजवळ ठरतं. रोपालिडियात राणी आणि कामकरी यांच्या शरीरात डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. तत्त्वतः कोणतीही मादी राणी होऊ शकते, स्वतंत्र पोळं बांधू शकते, तरीही बहुतेकजणी दुसरीच्या पोळ्यावर राबतात. शिवाय हे पोळं उघडं असतं. त्यावर आवरण नसल्याने कोण कुणाला काय करतं, ते सगळं दिसतं.

दिसतं, पण आपोआप नोंदलं जात नाही. त्यासाठी प्रत्येक माशीच्या पाठीवर झटपट वाळणाऱ्या रंगाचे ठिपके देऊन तिला ओळख द्यावी लागते. मग पाच-पाच मिनिटांची सत्रं सुरू होतात. काही सत्रांत ठरावीक क्षणी कोणती माशी काय करते आहे याची हजेरी घ्यायची, तर काहींत कुणी कुणावर धावून गेलं, कुणी अन्न आणलं, कुणी ते हिसकावलं, कुणी अंडं घातलं, हे प्रत्येक प्रसंगागणिक टिपायचं. कोणती माशी कधी पाहायची हे आपल्या आवडीवर सोडायचं नाही, ते आधीच यादृच्छिक क्रमाने ठरवायचं. कारण नजर आपसूक धावपळ करणाऱ्या माशीकडे जाते आणि स्वस्थ बसलेली माशी वहीतून गळते. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८३ मध्ये अशाच नोंदींवरून दाखवलं की या पोळ्यावर बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या अशा तीन तऱ्हेच्या माद्या असतात. सगळ्यांना धक्का बसेल अशी गोष्ट म्हणजे राणी भांडणाऱ्यांत नव्हती, ती बसणाऱ्यांत होती. जगातल्या इतर अनेक गांधीलमाश्यांत राणी धाकाने राज्य करते. ही मात्र शांत होती.

हिशेब जुळेना

हॅमिल्टनच्या मांडणीची परीक्षा त्याच दशकात झाली. प्रथिनांच्या विश्लेषणातून १९८६ मध्ये दिसलं की रोपालिडियाची राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते आणि त्यांचे शुक्राणू मिसळून वापरते. म्हणजे बहिणी बऱ्याचदा सावत्र निघतात. त्यात राण्याही बदलत राहतात. एकीनंतर दुसरी आली की कामकऱ्यांच्या हाती वाढणारी अळी कधी भाची असते, कधी मावसबहीण, कधी त्याहून दूरची. कागदावरचं तीन चतुर्थांश साम्य पोळ्यावर सापडेना. नुसत्या नात्याच्या बळावर एवढा त्याग उभा राहणं शक्य नव्हतं.

मग गदगकरांनी हिशेबाच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वळवलं. अंड्यापासून प्रौढ माशी तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात आणि प्रौढ मादीचं सरासरी आयुष्य त्याच्या निम्म्याच्या आसपास. एकटीने पोळं मांडलेली मादी पिल्लं हाताशी येण्याआधीच मेली, तर तिचे सगळे कष्ट मातीमोल होतात. तीच मादी मोठ्या कुटुंबात राबत असेल, तर तिने अर्धवट वाढवलेल्या अळ्या तिच्यानंतर दुसरी कुणीतरी वाढवते. थोडं काम केलं तरी त्या थोड्याचं फळ पदरात पडतं. १९९० साली गदगकरांनी ही कल्पना मांडली. आणखी एक प्रयोग या संदर्भात मोलाचा ठरला. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या माद्या एकेकट्या पिंजऱ्यात ठेवून, अन्नपाणी आणि पोळ्याचं सामान देऊनही त्यांतल्या निम्म्याच्या आसपास माद्यांनीच अंडी घातली. म्हणजे राणीपणाची शक्यता सगळ्यांत असली तरी ती सगळ्यांत सारखी नसते, आणि तिची वाटणी काही अंशी जन्माआधीच झालेली असते.

हॅमिल्टन यामुळे खोटे ठरले नाहीत. त्यांच्या समीकरणात तीन पदं होती आणि जग एकाच पदावर खिळलं होतं. उरलेली दोन पदं मोजली गेली, तेव्हा चित्र पूर्ण व्हायला लागलं.

माश्यांना ठाऊक असतं

राणी उचलल्यावर पुढे येणारी ती एकटी माशी कोण, हा प्रश्न मागे उरला. आकाराने ती मोठी नसते. आधीच्या भांडणांत ती वरच्या क्रमांकावर असतेच असं नाही. तिचे अंडाशय इतरांपेक्षा विकसित असतातच असंही नाही. राणी असताना संशोधकाला तिची निवड करता येत नाही. मग माश्यांना तरी ती ठाऊक असते का?

अनिंदिता भद्र यांनी पीएच.डी.च्या काळात याचं उत्तर शोधलं. पोळं मधोमध कापायचं आणि दोन भागांमध्ये बारीक जाळी उभी करायची. राणी एका बाजूला, कामकऱ्यांची वाटणी दोन्हीकडे. राणी नसलेल्या बाजूला लवकरच एक आक्रमक वारसदार उभी राहते. आता दोघींची अदलाबदल करायची, राणी इकडे आणि ही वारसदार पलीकडे. काही पोळ्यांत ती पलीकडेही वारसदार राहिली आणि तिथल्या कुणीही तिला हरकत घेतली नाही. उरलेल्या पोळ्यांत पलीकडच्या बाजूने दुसरीच माशी पुढे आली आणि पहिली तत्काळ गप्प झाली. झटापट नाही, आव्हान नाही. ही दुसरी माशी मग दोन्ही बाजूंना निर्विवाद मान्य ठरली. पहिली पुढे आली होती ती खरी वारस जाळीच्या पलीकडे होती म्हणून. ती समोर दिसताच पहिलीने जागा सोडली. गदगकर आणि भद्र यांच्या या शोधनिबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे, माश्यांना ठाऊक असतं हे आम्हाला ठाऊक आहे, अशा आशयाचं ते शीर्षक.

पुढचा प्रश्न पुढच्या विद्यार्थ्याने उचलला. वारस एकच ठरलेली असते की तिच्यामागे रांग असते? आलोक बंग यांनी राणी काढली, तिची वारस काढली, तिच्या मागून आलेलीही काढली. पाचव्या वारसापर्यंत हाच क्रम दिसला. दर वेळी एकच माशी पुढे आली, दर वेळी कुणी विरोध केला नाही. वय जास्त असणाऱ्यांकडे थोडा कल दिसतो, पण तोही पक्का नियम नाही. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि शांत राणी सत्ता राखते कशी? पुन्हा जाळीनेच दिशा दाखवली. जाळीतून हवा जाते. राणीचा गंध हवेत पसरणारा असता, तर पलीकडच्या माश्यांनाही ती असल्याचं कळलं असतं. तसं होत नव्हतं. म्हणजे संदेश हवेतून न जाता पोळ्याच्या पृष्ठभागावरून जात असला पाहिजे. राणी पोटाचं टोक पोळ्यावर घासत फिरते, ही नोंद वह्यांत होतीच. नांगीजवळच्या ड्यूफोर ग्रंथीचा अर्क काढून राणी नसलेल्या भागावर लावला, तर वारसदाराची आक्रमकता खाली आली. अनिरुद्ध मित्र आणि इतर विद्यार्थ्यांनी या ग्रंथीतल्या द्रव्यांचा माग पुढे काढला. या राणीला धाक दाखवावा लागत नाही. आपण अजून अंडी घालत आहोत एवढंच ती प्रामाणिकपणे जाहीर करते आणि ते पुरतं.

आळशी नराचं काय?

गांधीलमाशीचा नर पोळ्यावर काम करत नाही. आठवडाभरात पोळं सोडून जातो, कुठेतरी समागम करतो, परत येत नाही. त्याच्या अंगी पिल्लं वाढवण्याची कुवतच नाही, असं सहज मानलं जाई. रुचिरा सेन यांनी हे मानणं तपासायचं ठरवलं. पोळ्यावरून माद्या काढून घेतल्या आणि उरलेल्या नरांना हाताने अन्न भरवलं, पोट भरून उरेल इतकं. नरांनी तो घास उपाशी अळ्यांच्या तोंडाशी नेला. माद्यांइतकं नीट नाही, तितक्या वेळा नाही, पण भरवलं. त्यांच्यात कुवत होती. नेहमीच्या पोळ्यावर त्यांच्या हाती अन्नच लागत नाही आणि त्यांची गरजही पडत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या सगळ्या कामातला सर्वांत बोलका वाटतो. एखादा जीव एखादी गोष्ट करत नाही आणि करू शकत नाही, या दोन विधानांत फरक आहे आणि तो प्रयोगाशिवाय कळत नाही.

नर-मादींविषयीची गृहीतकं या क्षेत्रात किती खोल रुजतात, याचा इतिहासच आहे. १९४८ साली अँगस बेटमन यांनी केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर, म्हणजे ड्रोसोफिलावर प्रयोग करून सांगितलं की अधिक जोडीदारांचा फायदा नराला होतो, मादीला फारसा नाही. पाठ्यपुस्तकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. बेटमन यांनी अपत्यांची ओळख पटवायला शरीरावर दिसणारी जनुकीय व्यंगं वापरली होती. ज्यांना आईकडचं आणि बापाकडचं अशी दोन्ही व्यंगं मिळत ती पिल्लं जास्त मरत, आणि आईबापांची मोजणीच तिरकी होई. चौसष्ट वर्षांनी हे उघड झालं, कारण कुणीतरी तो प्रयोग शब्दशः पुन्हा करून बघितला.

पानाला भोक पाडणारा गायक

विज्ञान संस्थेतच रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेत झुडपांवरच्या रातकिड्यांवर काम चालतं. इकॅन्थस हेन्रायी हा फिकट हिरवा, नाजूक कीटक. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून गातो, मादी आवाजाच्या दिशेने चालत येते आणि मोठ्या आवाजाकडे तिचा ओढा असतो. पण पंख जेमतेम बोटाच्या नखाएवढा आणि आवाजाची तरंगलांबी दहा सेंटिमीटरहून जास्त. पंखाच्या पुढून निघालेल्या आणि मागून निघालेल्या लहरी कडेला एकमेकींना मारतात. काही नर यावर तोड काढतात. पान निवडतात, मधल्या भागात पंखाच्या मापाचं भोक कुरतडतात, त्यात डोकं घालून पानाला पंख टेकवून गातात. पानामुळे दोन्ही बाजूंच्या लहरी वेगळ्या राहतात आणि आवाज वाढतो. नताशा म्हात्रे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की नर मोठं पान निवडतो, भोक योग्य मापाचं आणि योग्य जागी पाडतो, तेही चुकतमाकत न शिकता.

मग सगळेच नर हे का करत नाहीत? रित्तिक देब आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये उत्तर दिलं. पानाचा आधार घेतात ते मुख्यतः लहान चणीचे, हलक्या आवाजाचे नर. एरवी मादीने ज्यांच्याकडे पाठ फिरवली असती, ते आवाज वाढवून तिला आपल्यापर्यंत आणतात आणि समागमही जास्त काळ टिकतो. धडधाकट नराला त्या खटाटोपातून फारसं मिळत नाही. हे समजून घ्यायला रात्री झुडपांत हिंडणं, गाणाऱ्या नराला बॅटरीच्या उजेडात शोधणं, आवाज मोजणं आणि पुन्हा पुढच्या रात्री तेच करणं एवढं भांडवल लागलं.

केळी, गूळ आणि शेकडो पिढ्या

उत्क्रांती डोळ्यांदेखत घडवून पाहायची असेल तर चिलटासारखा सोबती नाही. बंगळुरूजवळ जक्कूरला जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत केळी आणि गुळाच्या खाद्यावर चिलटांच्या वसाहती वर्षानुवर्षं वाढत आल्या आहेत. इथे विद्यार्थ्याचा दिवस माश्यांच्या घड्याळावर चालतो. समागम न झालेल्या माद्या हव्या असतील, तर कोषातून बाहेर आल्यापासून सहा-आठ तासांच्या आत त्या वेगळ्या कराव्या लागतात. कार्बन डायऑक्साइडने गुंगवलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली पसरायच्या, फिकट अंगाच्या आणि पोटात काळसर ठिपका दिसणाऱ्या ताज्या माद्या बारीक कुंचल्याने बाजूला सारायच्या. एखादी समागम झालेली मादी चुकून त्यांत गेली, तर अख्खी बाटली बाद.

या प्रयोगशाळेत माश्यांचे चार समूह प्रत्येक पिढीत सर्वांत लवकर वाढणाऱ्यांची निवड करत पुढे नेले गेले. त्यांचे मूळ समूह शेजारी तसेच राखले. शेकडो पिढ्यांनी निवडलेल्या माश्या झपाट्याने वाढू लागल्या आणि आकाराने खूपच लहान झाल्या. शंपा घोष आणि जोशी यांनी २०१२ मध्ये दाखवलं की या दोन गटांत प्रजननाची आडभिंत उभी राहू लागली आहे. लहान नर मोठ्या माद्यांशी समागम करण्यात कमी पडतात, तर मोठ्या नरांशी समागम लहान माद्यांना इतका बाधतो की त्यांच्यातल्या पुष्कळ मरतात. नरांच्या वीर्यातली द्रव्यं मादीला अपायकारक ठरू शकतात हे आधीपासून माहीत होतं. इथे तोच संघर्ष दोन गटांना विलग करू लागला होता. नव्या जातीच्या जन्माची पहिली पावलं काचेच्या नळ्यांत उमटत होती, आणि कुणी ती मुद्दाम घडवायला गेलं नव्हतं. निवड फक्त लवकर वाढण्याची आणि लवकर प्रजननाची केली होती. याच प्रयोगशाळेत शिकलेले सुतीर्थ डे आज पुण्याच्या आयसरमध्ये चिलटांवरच उत्क्रांतीचे प्रयोग करतात.

आपल्या खिडकीतलं काम

हे सगळं तपशिलात सांगण्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आहेत. प्राणिशास्त्राच्या हजारो विद्यार्थ्यांच्या हाती ही संधी आली आहे. आमच्या पिढीने झुरळाचे मुखावयव जर्नलमध्ये रंगवले, सहीसाठी रांग लावली आणि जिवंत झुरळ काय करतं याचा विचार न करता पदवी घेतली. नव्या मुलांचा प्रकल्प उपकरण नाही म्हणून अडू नये आणि उपकरण आहे म्हणून निरर्थकही होऊ नये. गदगकरांनी याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. किरकोळ खर्चात अव्वल संशोधन कसं करावं हे २०२१ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केलेल्या त्या पुस्तकात प्रयोगागणिक मांडलं आहे. रंग, चिमटा, जाळी, वही आणि समोर बसण्याची तयारी ही त्यातली सामग्री.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणि महाबळेश्वरच्या पावसात एकाच जातीच्या गांधीलमाशीचं पोळं किती दिवस टिकतं? एकटीने मांडलेली पोळी जास्त उजाड होतात की अनेकींनी मिळून मांडलेली? चतुराचा नर अंडी घालणाऱ्या मादीजवळ किती वेळ पहारा देतो, आणि तळ्यावर नरांची गर्दी वाढली की तो वेळ वाढतो का? यांतल्या कुठल्याही प्रश्नाला एका सत्रात हात घालता येतो आणि नीट मोजलं तर प्रत्येकाचं उत्तर नवं असू शकतं. मार्गदर्शक शिक्षकांनी एवढंच करावं, विद्यार्थ्याला प्रश्न स्वतः शोधू द्यावा, तो मोजण्याजोगा होईपर्यंत घासून घ्यायला लावावा, आणि उत्तर अपेक्षेच्या उलट आलं तर त्याचे गुण कापू नयेत. विभागांनी आवारातली पोळी सरसकट जाळून टाकण्याऐवजी वर्दळीपासून दूरची दोन-चार राखून ठेवावीत.

भद्र पुढे कोलकात्याच्या आयसरमध्ये गेल्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनावर काम करू लागल्या. प्राणी बदलला, पण ज्याकडे सगळे रोज पाहतात त्याच्याविषयी कुणी न विचारलेला प्रश्न विचारायचा आणि उत्तर प्रयोगाने मिळवायचं, ही शिकवण कायम राहिली. पदव्युत्तर शिक्षणातून हेच मिळायला हवं. ते आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजांतही मिळू शकतं, कारण त्यासाठी लागणारी माशी तिथे आधीपासून आहे.